फर्म तुमच्या नावावर, पण टोकन कुणाकडे?

या आठवड्याचं पत्र कोल्हापूरच्या उद्यमनगरातून आलंय. थोडं आवरून देते:

"माझ्या मिस्टरांचं उद्यमनगरात फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. शाळेचे बेंच, दवाखान्याच्या कॉट, रॅक, कपाटं असली कामं. सहा कामगार आहेत. मी बी.कॉम. आहे, लग्न झाल्यापासून बिलं, जीएसटी, पगार मीच बघते. आजवर खासगी शाळा आणि कारखान्यांच्याच ऑर्डरी घेतल्या. आता शिरोलीतल्या एका मित्रानं यांच्या डोक्यात भरवलंय की सरकारी खरेदीत बायकांना तीन टक्के राखीव असतात, वहिनींच्या नावावर फर्म काढ, ऑर्डर घरबसल्या येतील. एक एजंटही येऊन गेला. नोंदणीचे पैसे वेगळे, पुढं प्रत्येक ऑर्डरवर टक्के. डिजिटल सहीचं टोकन (ते पेनड्राइव्हसारखं असतं ते) मात्र त्याच्याकडंच राहणार म्हणे, 'वहिनींना कशाला त्रास'. सासूबाई म्हणतात, सही करायला काय जातंय? मला आडमुठेपणा करायचा नाही, पण पोटात गोळा येतो. सही करू का? खरंच एवढं काम मिळतं का? आणि दोन्ही फर्मकडून एकाच टेंडरला दर भरला तर चान्स वाढतो असं यांचं म्हणणं आहे. असं चालतं का?"

ताई, सासूबाईंच्या प्रश्नापासून सुरुवात करते. सही करायला काय जातंय? प्रोप्रायटरी, म्हणजे एकट्याच्या मालकीची फर्म असेल तर सगळंच जाऊ शकतं. कायद्याला प्रोप्रायटर आणि त्याची फर्म हे दोन वेगळे जीव दिसत नाहीत. माल उशिरा पोचून दंड बसला, पत्रेवाल्याचं बिल थकलं, जीएसटीची नोटीस आली, तर ती तुमच्या पॅनवर येणार. वसुली तुमच्या बचत खात्यापर्यंत आणि तुमच्या नावच्या मिळकतीपर्यंत पोचू शकते. फर्मच्या नावानं कर्ज काढून हप्ते थकले तर सिबिल तुमचा बिघडतो. त्यामुळे माझं मत आधीच सांगून टाकते: मालकीण व्हायचं असेल तर खरोखर व्हा. नुसतं नाव देऊ नका.

आता तुमच्या मिस्टरांना ऐकून आश्चर्य वाटेल अशी गोष्ट. मित्रानं जे फायदे सांगितलेत, त्यातले जवळजवळ सगळे तुमच्या मिस्टरांना त्यांच्या आजच्या फर्मवर, त्यांच्याच नावावर मिळतात.

सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी केंद्र सरकारचं खरेदी धोरण २०१२ सालचं आहे. केंद्राची मंत्रालयं, खाती आणि सार्वजनिक कंपन्या यांनी वर्षाच्या खरेदीपैकी ठरावीक हिस्सा अशा उद्योगांकडून घ्यायचा. हा हिस्सा आधी २० टक्के होता, १ एप्रिल २०१९ पासून २५ टक्के झाला. त्या पंचविसाच्या पोटात चार टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांचे आणि तीन टक्के महिलांचे. टेंडरचा फॉर्म फुकट, टेंडर भरताना ठेवायची बयाणा रक्कम माफ. ही बयाणा माफी छोट्या माणसाला मोठी असते, कारण ती साधारण कामाच्या अंदाजित रकमेच्या दोन ते पाच टक्के असते आणि निकाल लागेपर्यंत अडकून पडते. या सगळ्यासाठी लागते ती उद्यम नोंदणी. १ एप्रिल २०२५ पासून यंत्रसामग्रीत अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटींपर्यंत उलाढाल असलेला उद्योग 'सूक्ष्म' धरतात. सहा कामगारांचं वर्कशॉप त्यात आरामात बसतं. नोंदणी सरकारी पोर्टलवर आधार आणि पॅनवर होते आणि तिला एक रुपयाही फी नाही. 'जेम' या केंद्राच्या खरेदी पोर्टलवर विक्रेता म्हणून नाव नोंदवायलाही फी नाही. एजंट 'नोंदणीचे पैसे' म्हणून जे मागतोय ते त्याच्या मेहनतीचे आहेत, सरकारचे नव्हेत. एवढं कळल्यावर काय द्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. बी.कॉम. झालेल्या आणि दर महिन्याला जीएसटी भरणाऱ्या बाईला ते दोन फॉर्म जड जाणार नाहीत.

म्हणजे तुमच्या नावानं जास्तीचं मिळतं ते तीन टक्क्यांचं, आणि बायकांसाठी खास केलेल्या काही सोयी, उदाहरणार्थ जेमवरचं 'वुमनिया'. पण तीन टक्के म्हणजे काय, हे मित्रानं नीट सांगितलेलं दिसत नाही. ते खरेदी करणाऱ्या खात्याचं वर्षाचं उद्दिष्ट आहे. तुमच्या घरी येणारी ऑर्डर नव्हे. दर तुम्हाला भरावाच लागतो, माल निकषात बसवावाच लागतो.

त्यात आणखी एक मेख आहे. धोरणातली सगळ्यात बोलबाला झालेली सवलत अशी: सगळ्यात कमी दर एखाद्या मोठ्या कंपनीचा आला आणि तुमचा दर त्याच्या १५ टक्क्यांच्या आत असला, तर तुम्हाला त्या दराला उतरून ऑर्डरचा वाटा घेता येतो. ऐकायला झकास. पण बेंच आणि कॉटच्या टेंडरला येतात कोण? बहुतेक तुमच्यासारखेच वर्कशॉपवाले. सगळ्यात कमी दरवालाच सूक्ष्म उद्योग निघाला की ही सवलत लागूच होत नाही. मोठ्या कंपन्या उतरतात अशा मालात तिचा खरा उपयोग होतो. तुमच्या धंद्यात शेवटी दराचीच कुस्ती आहे.

आणि हे सगळं केंद्राचं. आपल्याकडं त्यात कोण येतं? टपाल खातं, रेल्वे, उजळाईवाडीचं विमानतळ चालवणारं प्राधिकरण, तेल कंपन्या. कोल्हापुरात बेंच-कॉटची मोठी गिऱ्हाइकं मात्र वेगळीच: जिल्हा परिषदेच्या शाळा, महापालिका, सीपीआर रुग्णालय, शिवाजी विद्यापीठ. त्यांना राज्याचे खरेदी नियम लागतात आणि त्यांची मोठी टेंडरं महाटेंडर्स पोर्टलवर निघतात. तिथं केंद्राचे तीन टक्के दाखवून काही होत नाही. कुठली सवलत आहे, कुठली नाही, हे त्या त्या टेंडरच्या अटींत लिहिलेलं असतं, तेवढंच खरं.

आता तुमच्या नावच्या फर्मचा खरा धोका. मशिनं यांची, गाळा यांचा, कामगार यांच्या फर्मच्या हजेरीवर. मग तुमची नवी फर्म काय करणार? यांच्याकडून बेंच विकत घेऊन सरकारला विकणार. कागदावर हे ट्रेडिंग झालं. या धोरणातली सवलत मालाच्या उत्पादकाला आहे, ट्रेडरला नाही. २०२१ पासून व्यापाऱ्यांनाही उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती. तुम्ही 'उत्पादक' असं लिहून दिलंत आणि कुणी तक्रार केली (हरलेला स्पर्धक करतोच), तर खोटं निवेदन तुमच्या सहीचं. केंद्राच्या वित्तीय नियमांत अशा गैरवर्तनासाठी खातं तुम्हाला दोन वर्षांपर्यंत बाद करू शकतं, आणि तेच लोक चालवतात त्या जोडफर्मही त्यात ओढल्या जातात. म्हणजे यांची चांगली चालणारी फर्मही अडकली.

बरं, मशिनं तुमच्या नावावर करून टाकू म्हणाल, तर त्यावर बँकेचं कॅश क्रेडिट असेल. बँकेला विचारल्याशिवाय तारण असलेलं मशीन हलत नाही. शिवाय नवऱ्यानं मोबदला न घेता बायकोला दिलेल्या मालमत्तेतून आलेलं उत्पन्न आयकरात नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतात. तुमच्या सीएंना हा एक प्रश्न विचारा, ते लगेच मान डोलावतील.

अनुभवाचंही तसंच. टेंडरमध्ये मागच्या तीन वर्षांची उलाढाल आणि अशाच पुरवठ्याचा अनुभव मागतात. यांच्या फर्मकडं तो आहे, शाळांची बिलं आहेत. तुमची फर्म नव्या पॅनवर शून्यातून सुरू होणार. सूक्ष्म उद्योगांना अनुभव-उलाढालीत सूट देता येते, पण ती द्यायची की नाही हे खरेदीदार ठरवतो. जेमच्या बोलीच्या कागदावर सुरुवातीलाच त्याचं 'होय' किंवा 'नाही' छापलेलं असतं. तिथं 'नाही' असेल तर पुढची पानं वाचायचे कष्ट घेऊ नका.

टोकनबद्दल मात्र मी अजिबात मवाळ होणार नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यानुसार डिजिटल सहीला हातानं केलेल्या सहीचाच मान आहे. टोकन आणि त्याचा पासवर्ड दुसऱ्याला देणं म्हणजे कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सह्या करून गठ्ठा त्याच्या हातात ठेवणं. तो कुठल्या टेंडरला काय दर भरतोय, काय लिहून देतोय, तुम्हाला पत्ताही लागणार नाही, आणि जबाबदार तुम्ही. जेमवर तर टोकनपेक्षा नोंदवलेला मोबाइल नंबर आणि ई-मेल मोलाचे, कारण ओटीपी तिथं येतो. हे एजंट बऱ्याचदा स्वतःचाच ई-मेल घालून ठेवतात. उद्या बिनसलं तर तुमच्याच खात्यात तुम्हाला शिरता येत नाही. एजंटला कागद तयार करायचे पैसे द्यायला माझी हरकत नाही. अपलोड करताना तो तुमच्या ऑफिसात बसेल, टोकन तुम्ही लावाल, काम झालं की तुम्हीच काढाल. त्याला हे पटत नसेल तर चहा पाजून निरोप द्या.

आणि प्रत्येक ऑर्डरवर जे टक्के तो मागतोय, ते कशाचे हे त्याला तोंडावर विचारा. 'वरचं मी बघतो' असं उत्तर आलं तर विषय तिथंच संपवा. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणं हाही सरळ गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. मधल्या माणसानं दिली, मला ठाऊक नव्हतं, असं म्हणून फर्मची मालकीण सुटेलच असं नाही.

आता 'खरंच काम मिळतं का' याकडं येते. मिळतं. छोट्या वर्कशॉपना मिळतंच. पण काम मिळण्यापेक्षा ते पेलणं अवघड, आणि याबद्दल शिरोलीच्या मित्रानं काही सांगितलं असेल असं वाटत नाही.

समजा सहा लाखांची कॉटची ऑर्डर लागली. बयाणा माफ होता, पण कामगिरीची अनामत माफ नसते. ती तीन ते पाच टक्के, म्हणजे १८ ते ३० हजार, बँक गॅरंटी किंवा एफडीच्या रूपात वॉरंटी संपेपर्यंत गुंतून राहते. पाइप, पत्रा, पावडर कोटिंग यांचे पैसे आधी मोजायचे, कारण पत्रेवाला सरकारी बिलाची वाट बघत बसणार नाही. कामगारांचा आठवडा तर चुकत नाहीच. माल उशिरा गेला तर दर आठवड्याला अर्धा टक्का दंड, म्हणजे तीन हजार, दहा टक्क्यांपर्यंत. आपल्याकडं जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगा पात्राबाहेर आली की रस्ते बंद होतात, माल पोचवायचे दिवस ठरवताना हे ध्यानात ठेवा. बिल काढलंत की १८ टक्क्यांनी एक लाख आठ हजार जीएसटी लागतो. मालावरचा भरलेला कर वजा जाता उरलेला पुढच्याच महिन्यात भरायचा, सरकारकडून पैसे आले नसले तरी. अडीच लाखांच्या वरच्या कामावर खातं दोन टक्के जीएसटी टीडीएसही कापतं. ते जीएसटी पोर्टलवरच्या तुमच्या खात्यात, म्हणजे कॅश लेजरला जमा होतात, पण हातात येणारा चेक तेवढा लहान होतो. हे सगळं तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळतं, तुम्हीच तर रिटर्न भरता. मिस्टरांना कागदावर मांडून दाखवा. दर ठरवताना त्यांनी वाहतूक आणि गावोगावच्या शाळेत माल उतरवून देण्याची हमाली धरली आहे का, तेही बघा. ती राहिली की नफा तिथंच गेला.

पैसे कधी येतात? जेमवर नियम असा की माल पोचल्यापासून दहा दिवसांत स्वीकृतीचा दाखला द्यायचा आणि त्यानंतर दहा दिवसांत पैसे. केंद्राच्या खात्यांत हे बऱ्यापैकी पाळलं जातं. स्थानिक संस्थांत निधी आला की बिल, नाही आला की थांबा, आणि मग मार्चएंडची गर्दी. २०२५ मध्ये थकलेल्या बिलांसाठी राज्यभरातले सरकारी ठेकेदार आंदोलनाला उतरले होते, ते तुम्ही वाचलं असेलच.

कायदा मात्र तुमच्या बाजूनं आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म-लघु पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे. नाही दिले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीनं. तक्रार अशा थकबाकीचे वाद बघणाऱ्या सुविधा परिषदेकडं ऑनलाइन करता येते. परिषदेचा निवाडा तुमच्या बाजूनं लागला आणि समोरच्याला कोर्टात आव्हान द्यायचं असेल, तर त्याला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. मात्र उद्यम नोंदणी ऑर्डर घेण्याच्या आधीची हवी. पुरवठा करून झाल्यावर, पैसे अडकल्यावर धावत जाऊन केलेली नोंदणी कोर्टात टिकवणं अवघड जातं. व्यवहारात रोजच्या गिऱ्हाइकावर दावा करायला कुणाचा हात धजत नाही, तेही खरं. म्हणून पहिल्या वर्षी जेवढे पैसे सहा महिने आले नाहीत तरी पगार थांबणार नाहीत, तेवढ्याच रकमेची कामं घ्या. ही मर्यादा आकड्यात ठरवा आणि ती तुम्ही ठरवा, कारण पगार तुम्ही करता.

तुमच्या जागी मी असते तर मिस्टरांना सरळ म्हटलं असतं: पहिलं वर्ष तुमच्याच फर्मवर करू, टेंडरचं टेबल मी सांभाळते. उद्यम नोंदणी आहे का, त्यात धंद्याचा प्रकार 'उत्पादन' असाच लिहिलाय का, हे तपासा. मग जेमवर एक-दोन वस्तूंची यादी चढवा, ज्या तुम्ही डोळे झाकून बनवता. आयएसआय किंवा दुसरं प्रमाणपत्र मागितलेल्या बोली सध्या बाजूला ठेवा. अडलंत तर जिल्हा उद्योग केंद्रात जा, उद्योजकांच्या संघटनेत जा. कोल्हापुरात जेमवर माल विकणारे लोक आहेत आणि ते विचारलं की सांगतात.

वर्षभरानं धंदा जमतोय असं दिसलं आणि महिला उद्योग म्हणून उतरायचं ठरलं, तर भागीदारी करा: तुमचे किमान ५१ टक्के, त्यांचे उरलेले. धोरणानुसार महिलेचा ५१ टक्के वाटा असलेली भागीदारी 'महिला मालकीची' धरतात. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीलाही हेच प्रमाण. भागीदारीत तुमची वैयक्तिक जबाबदारी संपत नाही, कंपनीत बरीच मर्यादित होते, पण तिचा कागदोपत्री खर्च जास्त. यातलं काय परवडतं ते सीएंशी बसून ठरवा. बँक, मशिनं आणि गाळ्याचा करार त्या फर्मच्या नावावर रीतसर आले पाहिजेत. खात्यावर सही तुमची, आणि चेकबुक तुमच्या ड्रॉवरमध्ये.

हे ऐकून मिस्टर म्हणाले, 'म्हणजे तुझा माझ्यावर विश्वास नाही,' तर वाद घालू नका. विश्वास तुमचा त्यांच्यावर आहेच, प्रश्न एजंटचा आणि कागदाचा आहे. त्यांच्या फर्मचा एवढ्या वर्षांचा अनुभव फुकट घालवायचा नाही, हा मुद्दा त्यांना सगळ्यात आधी पटेल, त्यानंच सुरुवात करा. सासूबाईंना मी काय सांगणार. घर कुणाच्या नावावर आहे ते एकदा विचारून बघा, त्या आपोआप सावध होतील.

राहिला दोन्ही फर्मकडून एकाच टेंडरला दर भरायचा विषय. नाही, चालत नाही. 'तीन कोटेशन जमवून देतो' ही पद्धत आपल्याकडं इतकी रुळलीय की लोकांना त्यात वावगं वाटत नाही. पण नवऱ्याची आणि बायकोची फर्म एकाच पत्त्यावरून, एकाच कॉम्प्युटरवरून, ठरवून दर भरत असेल तर स्पर्धा कायद्याच्या भाषेत ते बोलीतलं संगनमत होतं. बोली ऑनलाइन असल्यानं माग राहतो. अशा वेळी दोन्ही बोली बाद होतातच, वर काळ्या यादीचा विचार सुरू होतो. पुढं भागीदारी केलीत तरी त्या मालासाठी यांची जुनी फर्म टेंडरमधून बाहेर ठेवा. एका टेंडरला तुमच्या घरातून एकच दर जाईल, आणि तो लिफाफा उघडेपर्यंत शिरोलीच्या मित्रालाही कळता कामा नये.